चाच्यांच्या मागे धावू नका: गुजरात नोड, पोर्तुगीज प्रायव्हेटिअर आणि आपला व्यापार

कोथरूडच्या एका खेळाडूने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपा युनिव्हर्सालिस फोर या संगणकावरच्या रणनीतीच्या गेममध्ये मराठे घेऊन डाव चालू आहे. देश आणि कोकण हातात आले आहे, गुजरात नोडमध्ये (नोड म्हणजे गेमच्या नकाशावरचे व्यापाराचा पैसा जमण्याचे ठिकाण) व्यापाराचा पैसा गोळा होतो आहे. पण पोर्तुगालने तिथे प्रायव्हेटिअर सोडल्यापासून उत्पन्न उतरत चालले आहे. लाइट शिप्स (व्यापार राखणारी हलकी जहाजे) वाढवली, काही गस्तीला लावली, तरी जेवढे गेले तेवढे परत आले नाही. आता आणखी जहाजे बांधावीत, युद्ध पुकारावे, की आपणही प्रायव्हेटिअर सोडावेत?

मी हा गेम बरीच वर्षे खेळतो आहे आणि पुण्यातल्या आमच्या गटाचे मल्टिप्लेयर डावही चालवतो. किनाऱ्यावरच्या बहुतेक डावांत हा प्रसंग येतोच. माझे उत्तर असे: युद्ध करावे लागेल, पण तयारीनंतर आणि एका ठराविक बंदरासाठी. जहाजे हवीत, पण जी तुम्ही वाढवत आहात ती नव्हेत. स्वतःचे प्रायव्हेटिअर सोडायला हरकत नाही, मात्र ते गुजरातेत किंवा गुजरातकडे पैसा पाठवणाऱ्या नोडमध्ये नकोत. हे का, ते आता सविस्तर सांगतो.

प्रायव्हेटिअर म्हणजे राज्याची सनद घेऊन दुसऱ्याच्या व्यापारावर लूट करणारे जहाज. गेममध्ये ते आपली जहाजे बुडवत नाही, हे आधी लक्षात घ्या. वेल्थ ऑफ नेशन्स ही गेमची वेगळी जोडणी (डीएलसी) असेल तर कोणताही देश आपली लाइट शिप्स एखाद्या नोडमध्ये प्रायव्हेटिअर म्हणून पाठवू शकतो, आणि त्यासाठी युद्ध लागत नाही. त्या जहाजांची ट्रेड पॉवर (नोडच्या पैशातला वाटा ठरवणारे वजन) त्या नोडमध्ये चाच्यांच्या नावावर जमा होते, नोडच्या पैशातला त्या प्रमाणातला वाटा चाचे उचलतात आणि त्यातला भाग जहाजे पाठवणाऱ्या देशाच्या तिजोरीत जातो. म्हणजे हा वाट्याचा मामला आहे. बुडवायला समोर काही नाही, तरी लुटले जात आहोत अशी चिडचिड त्यामुळेच होते.

हिशेब मांडून पाहू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा नोडमध्ये दर महिन्याला ३० डुकॅट (गेममधले चलन) आहेत. तुमची ट्रेड पॉवर ६०, इतरांची मिळून ६०. तुमचा वाटा निम्मा, म्हणजे १५ डुकॅट. आता चाच्यांची ४० पॉवर आली. एकूण झाली १६०, तुमचा वाटा साडेसदतीस टक्के, म्हणजे सव्वाअकरा डुकॅट. महिन्याला पावणेचार डुकॅट गेले. ते नुसत्या लाइट शिप्सनी परत मिळवायचे तर तुम्हाला ४० पॉवर आणखी घालावी लागते. एका जहाजामागे सरासरी दोन पॉवर धरली तर वीस जहाजे झाली. त्यांचा बांधणीचा खर्च, दरमहा देखभाल, आरमाराच्या मर्यादेतली जागा आणि खलाशी, हे सगळे पावणेचार डुकॅटसाठी. तिकडे पोर्तुगालने दहा जहाजे वाढवली की तुमची वीसही अपुरी. श्रीमंत समुद्री देशाशी जहाजांच्या संख्येची ही चढाओढ तुम्ही जिंकणार नाही, कारण त्याची आरमाराची मर्यादा तुमच्यापेक्षा मोठी असते आणि त्याला जमिनीवर तुमच्याएवढे सैन्य पोसावे लागत नाही.

गस्तीचे म्हणाल तर चाच्यांविरुद्धची मोहीम उपयोगाची आहे. तिने त्या भागातल्या प्रायव्हेटिअरांचा परिणाम कमी होतो आणि किनाऱ्यावरच्या लुटीलाही आळा बसतो. पण ती दुखणे कमी करते, घालवत नाही. वरच्याच हिशेबात चाच्यांची ४० पॉवर निम्म्यावर आली असे धरा: तुमचा वाटा सुमारे त्रेचाळीस टक्क्यांवर येतो, महिन्याला जेमतेम दीड डुकॅट परत मिळतात. तुम्हाला दिसलेली थोडीशी सुधारणा बहुधा हीच. गस्तीला थोडी जहाजे ठेवा, सगळी लावू नका.

त्यापेक्षा पहिला पैसा जमिनीवर घाला. नोडमधली ट्रेड पॉवर फक्त जहाजांतून येत नाही, प्रांतांतूनही येते, आणि प्रांताची पॉवर कोणी बुडवू शकत नाही. गुजरात नोडमधली व्यापाराची केंद्रे तुमच्या ताब्यात असतील तर त्यांचा दर्जा वाढवा, तिथे मार्केटप्लेस ही व्यापाराची इमारत बांधा, आणि नोडमध्ये व्यापारी आहे ना ते बघा. केंद्रे दुसऱ्या कुठल्या सुलतानाकडे असतील तर तुमचे पुढचे जमिनीवरचे युद्ध त्यांच्यासाठी व्हायला हवे. आमच्या गटात हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे: ज्याच्याकडे दोन चांगली केंद्रे आणि त्यांवर इमारती आहेत, त्याच्या नोडमध्ये प्रायव्हेटिअर आले तरी तो डगमगत नाही. ज्याचा सगळा वाटा लाइट शिप्सवर उभा आहे, त्याला एका हरलेल्या समुद्री लढाईनंतर कर्ज काढावे लागते.

आता मूळ दुखण्याकडे वळू. प्रायव्हेटिअरला बंदर लागते. जहाजे झिजतात, दुरुस्तीला जावे लागते, आणि पुरवठ्याच्या टप्प्याबाहेर समुद्रात राहिली की त्यांची हानी होत राहते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन तुमच्यापासून अर्ध्या जगाएवढी दूर आहे. तरीही त्याची जहाजे गुजरातेत टिकतात ती गोवा, दीव किंवा त्याच्यासारखे एखादे बंदर जवळ आहे म्हणून. ते बंदर गेले की तीच जहाजे दुरुस्तीसाठी पार होर्मुझला किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणार, आणि त्यांचा निम्मा वेळ वाटेतच जाणार. शिवाय आणखी एक गोष्ट बघा, जी बहुतेक जण बघत नाहीत: पोर्तुगालला बंदर वापरायची परवानगी कोणी शेजाऱ्याने दिली आहे का? दिली असेल तर तुमचा पहिला शत्रू तो शेजारी आहे.

इतिहासातही निकाल याच पद्धतीने लागले. डंकर्क हे बंदर फ्रेंच प्रायव्हेटिअरांचे माहेरघर होते. झाँ बार हा नामांकित प्रायव्हेटिअर तिथलाच. इंग्लंडने अनेक वर्षे त्या जहाजांचा समुद्रावर पाठलाग केला, पण १७१३ च्या उट्रेक्टच्या तहात त्यांनी जे मागून घेतले ते म्हणजे डंकर्कची तटबंदी पाडणे. पुढे हिंदी महासागरात फ्रेंच प्रायव्हेटिअरांनी मॉरिशसहून उच्छाद मांडला. रोबेर सुर्कूफने १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचे 'केंट' हे मोठे जहाज पकडले, तेही त्याच्यापेक्षा कितीतरी लहान जहाज घेऊन. इंग्रजांचे नुकसान थांबले ते सुर्कूफला पकडून नव्हे. १८१० च्या डिसेंबरात त्यांनी मॉरिशस बेटच घेतले आणि इथल्या समुद्रातला फ्रेंचांचा मुख्य आसरा संपवला.

बंदर घ्यायचे ठरले की ते कसे घ्यायचे, याचा सगळ्यात चांगला धडा आपल्याच किनाऱ्यावर आहे. आणि तो शिकायचा तर थोडा वेळ इंग्रजांच्या बाजूने उभे राहून पाहावे लागते.

कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. मुंबईचे इंग्रज त्यांना चाचा म्हणत, कारण कान्होजींचे दस्तक (परवाना) न घेता जाणारी जहाजे ते अडवत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा करून हेच केले होते. खरा वाद होता तो इंग्रजांचा परवाना घेऊन फिरणाऱ्या देशी व्यापाऱ्यांच्या मालाचा. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज कान्होजींच्या हाती लागले आणि १७१३ मध्ये तह झाला. तो टिकला नाही. मग गव्हर्नर चार्ल्स बून आला आणि त्याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर आरमार पाठवले. तिन्ही वेळा हात हलवत परत.

का? विजयदुर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. वाघोटन खाडीच्या तोंडावर किल्ला, आत खोलवर गेलेली खाडी आणि तिथे आंग्र्यांची जहाजे सुरक्षित. मोठ्या जहाजांना पाणी खोल लागते, त्यामुळे ती बाहेरून मारा करत बसली. आंग्र्यांची गुराबे दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी, नाळेवरून समोर तोफा झाडणारी. गलबते त्याहून लहान आणि वल्ह्यांची. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी अडकते आणि गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेतात, शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी असतात तिथे आणून उभी करतात. नुसत्या आरमाराने हा बालेकिल्ला पडणार नव्हता.

१७२१ मध्ये इंग्रज शहाणे होऊन पोर्तुगीजांना सोबत घेऊन आले आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जमिनीवरूनही चालून गेले. तेव्हा बाजीराव पेशव्यांचे घोडदळ कान्होजींच्या मदतीला उतरले. पोर्तुगीजांनी १७२२ च्या सुरुवातीला मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला आणि मोहीम बारगळली. म्हणजे जमीन आणि समुद्र दोन्ही असूनही चालले नाही, कारण वेढा फोडायला येणाऱ्या सैन्याची तजवीज केलेली नव्हती.

हे तिन्ही धडे गेममध्ये जसेच्या तसे लागू पडतात. किनाऱ्यावरच्या किल्ल्याला समुद्रातून नाकेबंदी नसेल तर वेढ्याच्या प्रत्येक फेरीत तुम्हाला दंड बसतो, म्हणून गोव्याच्या वेढ्याला जहाजे हवीतच. पण नाकेबंदी करणारी जहाजे लढाईत टिकली पाहिजेत. पोर्तुगालचे हेवी शिप्सचे (मोठ्या लढाऊ जहाजांचे) आरमार आले तर लाइट शिप्सचा चुराडा होतो. म्हणून मी सुरुवातीला म्हणालो की जहाजे हवीत पण ही नव्हेत: लाइट शिप्सची भर थांबवा, तो पैसा जमवून मोजक्या हेवी शिप्सचा एकच ताफा करा आणि तो एकत्र ठेवा. आणि तिसरे, वेढा घालणाऱ्या फौजेपासून एक प्रांत मागे दुसरी फौज उभी करा. पोर्तुगालची स्वतःची फौज उतरायला वेळ लागेल, पण त्याचा विजयनगरसारखा एखादा स्थानिक मित्र असला तर तो पहिल्याच महिन्यात तुमच्या पाठीवर येतो.

युद्ध कधी पुकारायचे? पोर्तुगाल मोरोक्कोत किंवा कास्तीलशी अडकलेला असताना. तोपर्यंत थांबायची तयारी ठेवा. आमच्या गटातले काही जण उत्पन्न घसरल्याच्या रागात त्याच महिन्यात युद्ध पुकारतात. प्रायव्हेटिअरांमुळे महिन्याला तीन-चार डुकॅट जात असतील तर पाच वर्षे थांबूनही तुमचे होणारे नुकसान एका हरलेल्या युद्धापेक्षा कमीच असते. हा हिशेब कागदावर मांडून बघा, राग बराचसा ओसरतो.

युद्ध पुकारण्याच्या आधल्या दिवशी एक काम न विसरता करायचे: व्यापाराच्या मोहिमेवर पसरलेली सगळी लाइट शिप्स बंदरात परत बोलवायची. शांततेत जी रचना बरोबर असते ती युद्धात घातक ठरते. १६९३ मध्ये इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांचा स्मिर्नाकडे निघालेला प्रचंड काफिला हे याचे उदाहरण आहे. प्रायव्हेटिअरांपासून राखायला पुरेसा पहारा त्याला होता. पण फ्रान्सचे मुख्य आरमार कुठे आहे याचा पत्ता नसताना दोस्तांचे मुख्य आरमार त्याला वाटेत सोडून माघारी फिरले. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर लागोसजवळ फ्रेंच ॲडमिरल तूरव्हील आपल्या संपूर्ण ताफ्यानिशी वाट पाहत होता आणि नव्वदच्या आसपास व्यापारी जहाजे गेली. लंडन-ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचे दिवाळे वाजले. पहारा किती, हा प्रश्न शत्रू कोण आहे त्यावर ठरतो. प्रायव्हेटिअरला थोपवणारी दहा लाइट शिप्स शत्रूच्या मुख्य ताफ्यापुढे एक महिनाही टिकत नाहीत, आणि ती बुडाली की युद्धानंतरचे तुमचे उत्पन्नही गेलेच.

मला इंग्लंडच्या १७०८ च्या कायद्याबद्दल विशेष आदर वाटतो. व्यापाऱ्यांनी संसदेत आरडाओरडा केला, नुकसानीच्या यादीवर यादी दिली, तेव्हा संसदेने नौदलाला बजावले की ४३ जहाजे फक्त व्यापाराच्या रक्षणासाठी बाजूला काढायची. लढाईच्या नावाखाली ती पळवायची नाहीत. सेनापतीला प्रत्येक जहाज लढाईत हवे असते, त्यामुळे व्यापाराच्या पहाऱ्याचा वाटा आधीच ठरवून बाजूला काढला नाही तर तो शून्यावर येतो. गेममध्ये तुम्हीच सेनापती आणि तुम्हीच संसद. गस्तीची पाच-सहा जहाजे वेगळ्या ताफ्यात ठेवा, युद्ध संपताच ती आपोआप कामावर परत पाठवा, आणि मोठ्या लढाईच्या मोहात मुख्य ताफ्यात मिसळू नका.

तहाच्या वेळी मोह आवरा. हावरेपणाने तीन-चार प्रांत मागू नका. बंदराचा प्रांत घ्या, त्यात व्यापाराचे केंद्र असेल तर उत्तमच, आणि युद्धात मिळवलेल्या उरलेल्या गुणांत ट्रेड पॉवर तुमच्याकडे वळवण्याची अट किंवा युद्धखर्चाची भरपाई घ्या. एवढे केले की पुढची कित्येक वर्षे गुजरात शांत राहतो.

युद्धाची ताकद नसेल तर? तेव्हा औरंगजेबाकडे बघा. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने 'गंज-ए-सवाई' हे बादशाही जहाज हजहून सुरतेला परतताना लुटले. मुघलांकडे त्याला समुद्रावर गाठण्याजोगे आरमार नव्हते. पण सुरतेला इंग्रजांची वखार होती. ती बंद झाली, वखारीतले इंग्रज कैदेत पडले, व्यापार ठप्प झाला. शेवटी कंपनीने भरपाई कबूल केली आणि यात्रेकरूंच्या जहाजांना पहारा द्यायची जबाबदारी युरोपीय कंपन्यांना अंगावर घ्यावी लागली. ज्यांच्या देशातून चाचे येत होते त्यांनाच राखणदार केले! जमिनीवरच्या सत्तेने समुद्रावरच्या सत्तेला नमवण्याचे हे फार देखणे उदाहरण आहे. गेममध्ये याची छोटी आवृत्ती म्हणजे एम्बार्गो (व्यापारबंदी). मात्र पोर्तुगालला आधी प्रतिस्पर्धी म्हणून जाहीर करता आले तरच तो घाला. प्रतिस्पर्ध्यावर एम्बार्गो घातल्यास तुमच्या स्वतःच्या व्यापाराच्या कार्यक्षमतेला झळ बसत नाही, इतरांवर घातल्यास बसते.

आता आपल्या प्रायव्हेटिअरांबद्दल. नियम साधा आहे. व्यापाराचा नकाशा उघडा आणि बाण बघा. ज्या नोडमधून बाण तुमच्या गल्ल्याकडे येतो तिथे प्रायव्हेटिअर सोडलात तर चाचे जे उचलतात ते तुमच्याकडे वाहून येणाऱ्या पैशातूनच उचलतात. ज्या नोडमधून पैसा तुमच्यापासून दूर, पोर्तुगालच्या बाजूला जातो आणि जिथे तुमचा एकही प्रांत नाही, तिथे जरूर सोडा. तिथे व्यापाराचे रक्षण करून तुम्हाला काहीच मिळणार नव्हते, प्रायव्हेटिअरांकडून निदान लुटीचा भाग मिळतो. शिवाय प्रतिस्पर्ध्याला त्रास झाला की पॉवर प्रोजेक्शन (गेममधला दबदब्याचा आकडा) वाढते, आणि मला विचाराल तर लुटीच्या पैशापेक्षा तेच जास्त मोलाचे आहे. पण ही जहाजे परत येतील असे एक बंदर जवळपास हवे. तुमचे नसेल तर कोणाकडून परवानगी मिळवा.

आमच्याकडचे बरेच खेळाडू एम्पायर: टोटल वॉर मधून इकडे येतात, त्यांच्यासाठी एक वाक्य. २००९ च्या त्या गेममध्येही मराठे आहेत, पण तिथे व्यापाराचा मार्ग नकाशावर रेघेसारखा दिसतो, शत्रूचा ताफा त्या रेघेवर येऊन उभा राहतो आणि तुम्ही तो खरोखर लढून हटवू शकता. तिथली 'रेघेवर पहारा' ही सवय इथे आणली की वीस लाइट शिप्स बांधली जातात.

शेवटचा मुद्दा प्रश्नात विचारलेला नाही, तरी सांगतो, कारण तो पुण्यात बसून खेळणाऱ्याने समजून घ्यायलाच हवा. कान्होजींशी पुण्याच्या बाजूचा संबंध नेहमी सरळ नव्हता. ते घाट चढून लोहगडापर्यंत आले होते, शाहूंच्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी कैदेत टाकले होते. बाळाजी विश्वनाथांनी त्यांच्याशी लढाई न करता बोलणी केली, सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडे राहू दिले आणि सगळे आरमार शाहूंच्या बाजूला आणले. मराठ्यांच्या समुद्री राजकारणातला हा सर्वांत शहाणा तह आहे असे मी मानतो.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. मुलांमध्ये भाऊबंदकी माजली, तरीही आरमारात दम होता. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी 'डर्बी' हे कंपनीचे मोठे जहाज पकडले. तुळाजी आंग्र्यांनी मात्र पुण्याला जुमानले नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार, क्लाइव्हची फौज आणि पेशव्यांचे सैन्य विजयदुर्गावर आले. या वेळी जमीन आणि समुद्र दोन्ही जुळले होते. बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेल्या आंग्र्यांच्या जहाजांना आग लागली आणि सगळे आरमार जळाले. किल्ला इंग्रजांनी आधी स्वतःच्या ताब्यात घेतला, आणि तो सोडताना बदल्यात बाणकोट घेतले. पुढे पेशव्यांनी विजयदुर्गाला धुळपांकडे आरमाराची सुभेदारी दिली, आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाज पकडलेही, पण किनाऱ्यावरचा तोल १७५६ मध्ये ढळला तो ढळलाच.

आमच्या मल्टिप्लेयर डावांत हा प्रसंग वेगवेगळ्या नावांनी घडत राहतो. किनाऱ्यावरचा एखादा लहान शेजारी त्रास देतो आणि खेळाडू त्याच्याविरुद्ध एखाद्या युरोपीय मित्राला बोलावतो, कारण त्याचे आरमार मोठे आहे. मित्र येतो, बंदर तोच ताब्यात घेतो आणि तहात तेच मागतो. दहा वर्षांनी प्रायव्हेटिअर त्याच बंदरातून निघतात. तेव्हा गोव्यावरच्या युद्धात इंग्लंड किंवा हॉलंडला बोलावण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. मस्कत किंवा कालिकतसारखा लहान समुद्री शेजारी हाताशी असेल तर त्याला मित्र करा, मांडलिक करा, थोडा उद्धटपणा करत असेल तर तोही सोसा. त्याची दहा जहाजे तुमच्या मर्यादेत मोजली जात नाहीत आणि त्याची देखभाल तुम्ही भरत नाही.

तुमच्या डावात या क्रमाने जा. आधी लाइट शिप्स बांधणे थांबवा आणि मार्केटप्लेस व केंद्रांचा दर्जा पूर्ण करा. गस्तीला पाच-सहा जहाजे ठेवून उरलेली लाइट शिप्स गुजरातेत व्यापाराच्या रक्षणाला लावा. मग हेवी शिप्स. आरमाराच्या देखभालीचा खर्च शांततेत खाली ओढला असेल तर युद्धाच्या काही महिने आधी तो पूर्ण वर न्या, नाहीतर जहाजांचे मनोबल तळाला असताना पहिली लढाई होईल. पोर्तुगाल युरोपात अडकला की गोव्याला एका बाजूने फौज आणि दुसऱ्या बाजूने नाकेबंदी. वेढा चालू असताना पोर्तुगालचा मुख्य ताफा येताना दिसला आणि तो तुमच्यापेक्षा मोठा असेल तर नाकेबंदी सोडून जहाजे बंदरात आणा, फौज तिथेच राहू द्या. वेढा लांबेल, पण ताफा वाचेल, आणि पोर्तुगीज जहाजे दुरुस्तीला परत गेली की नाकेबंदी पुन्हा लावता येईल.